खुर्चीशेजारची माणसं

तालुक्याच्या गावाला सत्ता कधी समोरून दिसत नाही. मंत्री वर्षा-दोन वर्षांतून एकदा गाडीतून उतरतात, हार घेतात, हात जोडतात आणि धुरळा खाली बसायच्या आत पुढच्या कार्यक्रमाला निघून जातात. कलेक्टर जालन्याला. रोज गाठ पडते ती वेगळ्याच माणसांशी. तहसीलबाहेर टेबल टाकून बसलेला अर्ज लिहिणारा, ‘साहेब मीटिंगला गेलेत’ एवढंच सांगण्यासाठी नेमलेला शिपाई, तक्रार लिहून घ्यायची की आपसात मिटवायला लावायची हे माणूस दारात दिसताच ठरवणारा हवालदार आणि पुढाऱ्याच्या अर्धं पाऊल मागं चालत त्याचे फोन उचलणारा सदाचा कार्यकर्ता. जाफराबादेत वाढलेल्याला हे कुणी शिकवत नाही. काम होणार की नाही, हे आम्ही साहेबाच्या चेहऱ्यावर शोधत नाही. साहेबाशेजारी उभा असतो त्याच्या चेहऱ्यावर ते आधी उमटतं.

सिनेमा बघायची माझी खोड याच सवयीतून आली असावी. पोलीस-गुन्हेगारांचा पिक्चर लागला की माझी नजर नायकावर फार वेळ टिकत नाही. तो काय करणार हे त्याच्या मानधनावरूनच ठरलेलं असतं. मी बघतो ते त्याच्या मागं दार धरून उभा असलेल्याला, चहा आणून ठेवणाऱ्याला, खबर देऊन पैसे मोजणाऱ्याला, एफआयआर लिहिताना पेन झटकणाऱ्याला. गुन्ह्याची गोष्ट खरी वाटते की खोटी, हे या माणसांवर ठरतं. नायक कुठूनही आणता येतो, पण तो ज्यात वावरतो ते जग त्या मातीतल्या माणसांशिवाय उभं राहत नाही.

आमचं गाव पूर्णेच्या काठचं, मराठवाड्याच्या पार कडेचं. थोडं पुढं गेलं की बुलढाणा जिल्हा लागतो. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तोवर आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात मोडायचो. मुंबई फार लांब होती आणि ती आमच्याकडं यायची ती कॅसेटमधून. गणपतीत मंडळाची पोरं वर्गणीतून भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणायची. रात्रभरात तीन पिक्चर. पहिला देवाधर्माचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी. दुसरा घरगुती रडारडीचा. मध्यरात्रीनंतर बायाबापड्या पोरं उचलून घरी गेल्या की मारामारीचा. ‘दीवार’ मी असाच पाहिला, पोत्यावर बसून, समोरच्याच्या फेट्याआडून. इफ्तेखार पडद्यावर आले तशी शेजारच्या एका काकांची चुळबूळ सुरू झाली.

“अरे, हा त इन्स्पेक्टर हाय. हा काहून चोट्ट्यायत बसला?”

“काका, ह्या पिक्चरमधी तोच मोठा चोर हाय.”

“मंग पोलिसात कोन राह्यलं?”

“शशी कपूर हाय ना.”

“त्याच्यानं काय व्हते!”

काकांना तेव्हा सगळे हसले. मला मात्र त्यांचा प्रश्न आजही रास्त वाटतो. इफ्तेखार यांनी इतक्या सिनेमांत खाकी घातली होती की त्यांचा चेहरा म्हणजेच कायदा, असा आमच्या गावाचा समज झाला होता. लखनौला चित्रकला शिकलेला, गाणारा असा हा माणूस. पण प्रेक्षकानं त्यांना कायमचं पोलीस करून टाकलं. ‘दीवार’मध्ये त्यांनाच स्मगलर डावर केलं, तेव्हा काकांना वाटलं की पोलीस खातंच फितूर झालं. जगदीश राज यांचं तर १४४ चित्रपटांत पोलीस अधिकारी झाल्याबद्दल गिनीज बुकात नाव गेलं. विक्रम म्हणून हे ऐकायला बरं वाटतं. पण नट म्हणून एकदा हिशेब करून बघावा. १४४ वेळा तोच पट्टा, तीच टोपी, आणि बहुतेक वेळा सगळं होऊन गेल्यावर जीपमधून उतरायचं.

मुंबईतली टोळीयुद्धं आम्हाला गोष्टीसारखी होती. खरा धसका बसला तो ‘सामना’नं. जब्बार पटेलांचा सिनेमा, विजय तेंडुलकरांची पटकथा. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्यात गोळीबार नाही, पाठलाग नाही. एक दारुडा मास्तर एका साखरसम्राटाच्या गावात येऊन पडतो आणि मारुती कांबळेचं काय झालं, एवढंच विचारत राहतो. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर आणि निळू फुल्यांचे हिंदुराव धोंडे पाटील. यात नायक कोण आणि खलनायक कोण, हे ठरवायला बसलं तर सोपं आहे. मोठा कोण, हे ठरवणं मात्र अवघड. निळूभाऊंचा पाटील ओरडत नाही. धमकी द्यायची वेळ येते तेव्हा त्याचा आवाज उलट खाली येतो, शब्द घशात घोळतात, आणि ऐकणाऱ्याला पुढं वाकावं लागतं. एवढ्या वाकण्यातच हुकूम पाळला जातो. असा माणूस आमच्याकडं प्रत्येकानं पाहिलेला होता. फक्त त्याला पडद्यावर आणायचं धाडस कुणी केलं नव्हतं.

आणि ज्याच्यावर सगळी गोष्ट उभी आहे तो मारुती कांबळे पडद्यावर किती दिसतो? थोडासा. ती भूमिका मोहन आगाशे यांनी केली. नाहीशा झालेल्या माणसाची भूमिका. पिक्चरभर लोक त्याच्याबद्दल बोलतात आणि तो जेमतेम दिसतो. पण त्या थोडक्या दृश्यांत तो माणूस जिवंत वाटला नसता, तर त्याच्या मरणाचा प्रश्न कुणालाच पडला नसता. छोट्या भूमिकेवर किती वजन येऊ शकतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला मराठीत दिसत नाही.

निळूभाऊंची सिनेमातली वाट कशी गेली, ते सगळ्यांना माहीत आहे. १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’पासून सरपंच, पाटील, चेअरमन हे सगळे बेरकी, स्त्रीलंपट, जमिनी बळकावणारे लोक त्यांच्या वाट्याला आले. आमच्याकडच्या आजीबाई टीव्हीसमोर बसून त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या. खरा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, तेव्हा लागूंच्या बरोबरीनं ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत तेही हिंडले. पडद्यावर गाव लुटणारा हा माणूस पडद्याबाहेर गावोगाव झोळी फिरवत होता. ‘सखाराम बाइंडर’सारखं नाटक अंगावर पेललेल्या नटाला सिनेमानं मात्र बहुतेक वेळा धोतर, टोपी आणि वाईट नजर एवढंच दिलं. हिंदीत ‘सारांश’मध्ये गजानन चित्रे हा पुढारी केला, तिथंही तेच. शिक्का बसतो म्हणजे काय, ते निळूभाऊंकडं बघून कळतं. तरी त्या शिक्क्याच्या आतही त्यांचा एक पाटील दुसऱ्यासारखा नसायचा, ही त्यांची कारागिरी.

मुंबईच्या गुन्हेपटात मराठी रंगभूमीचा नट खऱ्या अर्थानं शिरला तो १९८३ च्या ‘अर्ध सत्य’मध्ये. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. ओम पुरींचा सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर हा नायक आणि त्याच्यासमोर रामा शेट्टी. ही भूमिका केली नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी. निहलानींनी त्यांना ‘हँड्स अप’ या नाटकात पाहिलं होतं. हिंदी प्रेक्षकाला हा चेहरा ठाऊकच नव्हता, आणि तेच उपयोगाचं ठरलं. ओळखीचा खलनायक असता तर लोक त्याच्या लकबींची वाट बघत बसले असते. या माणसाबद्दल काहीच अंदाज बांधता येत नव्हता.

रामा शेट्टीला दृश्यं किती? बोटांवर मोजण्याएवढी. वेलणकर त्याला पकडायला त्याच्या अड्ड्यावर जातो तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा बघितला आहे. पोलीस उभा आहे, ताठ आहे, कायदा त्याच्या बाजूला आहे. समोर लुंगीतला एक मध्यम चणीचा माणूस, बसल्या जागेवरून हललेला नाही. तो चिडत नाही, पळत नाही, हत्यार काढत नाही. वर कुठंतरी फोन जातो आणि काही क्षणांत उभा असलेल्या माणसाला परत फिरावं लागतं. अमरापूरकर या प्रसंगात जवळजवळ काहीच करत नाहीत. डोळे अर्धवट मिटलेले, आवाजात दाक्षिणात्य हेल, चेहऱ्यावर थोडा कंटाळा. तो कंटाळाच भयंकर आहे. असे इन्स्पेक्टर त्यानं ढीगभर पाहिलेत आणि हाही जाईल, हे तो कंटाळा सांगतो. हातात काही अधिकार नसताना अधिकाऱ्याला परत पाठवणारी माणसं ज्यानं ठाण्याच्या आवारात पाहिली आहेत, त्याला या दृश्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शेवटी कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात अडकलेला वेलणकर याच माणसाकडं मदतीसाठी येतो. रामा शेट्टीचा गळा तो आवळतो खरा, पण हरलेला कोण, हे तोवर ठरून गेलेलं असतं.

या भूमिकेला सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. पुढं १९९१ च्या ‘सडक’मध्ये अमरापूरकरांनी महारानी उभी केली आणि नकारात्मक भूमिकेसाठी फिल्मफेअरनं नवा पुरस्कार सुरू केला, त्याचे पहिले मानकरी तेच. पण पुरस्कारांच्या मधल्या वर्षांत काय होतं? तेच ते सेठ, तेच मंत्री, तेच कपटी मामा, आणि नव्वदच्या दशकात विनोदी सिनेमांतली धावपळ. रामा शेट्टी ज्यानं केला त्याला केळीच्या सालीवरून घसरताना बघणं मला कठीण जायचं. तक्रार मात्र कुणाकडं करायची? नायकाला पटकथा निवडता येते. दुसऱ्या रांगेतल्या नटाला महिन्याचा किराणा बघून हो म्हणावं लागतं. नंतर त्यांनी कामं कमी केली आणि नगरकडच्या सामाजिक कामांत रमले.

इथं मला एक गोष्ट फार ठळक दिसते. नायकाची कारकीर्द त्याच्या सिनेमांत असते. यादी वाचली की माणूस कळला. दुसऱ्या रांगेतल्या नटाची कारकीर्द दोन सिनेमांच्या मधल्या काळात असते, आणि पडद्यावर तो जे आणतो ते बहुतेक तिथूनच आणतो. आपल्याकडची नावंच बघा. लागू नाक-कान-घशाचे डॉक्टर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नट झाले. आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. ‘अर्ध सत्य’मध्ये दिसणारे अच्युत पोतदार आधी सैन्यात कॅप्टन, मग वर्षानुवर्षं इंडियन ऑइलच्या नोकरीत, आणि चाळिशी ओलांडल्यावर सिनेमात. शिवाजी साटम बँकेत. त्यांना नाटकाची वाट सापडली ती बँकांच्या नाट्यस्पर्धांतून. १९९८ साली ‘सीआयडी’ सुरू झालं आणि एसीपी प्रद्युम्न घराघरांत पोचला. साटमांच्या त्या तपासणाऱ्या नजरेत मला नेहमी व्हाउचर पडताळणारा कॅशियर दिसतो. सही जुळत नाही, हे ज्याला एका नजरेत कळतं त्याला खोटा जबाबही कळणारच.

अमेरिकेतल्या जुन्या गुन्हेपटांतही हीच तऱ्हा होती. १९४१ च्या ‘द माल्टीज फाल्कन’नं हंफ्री बोगार्टला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं, पण त्या सिनेमाचं विष बाकीच्यांत आहे. जाडजूड, गोड बोलणारा सिडनी ग्रीनस्ट्रीट पडद्यावर आला तो त्याच सिनेमातून, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. त्याआधीचं सगळं आयुष्य रंगमंचावर गेलेलं. त्याच्याबरोबरचा चिडका, किरकोळ बंदूकवाला म्हणजे एलिशा कुक. पुढं कित्येक सिनेमांत हा माणूस मार खाऊन किंवा गोळी खाऊन मेला. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन सांगायचे की कुक सिएरा नेवाडाच्या डोंगरात राहायचा, मासे धरायचा, आणि काम निघालं की त्याला माणूस पाठवून बोलावून घ्यावं लागायचं. ‘गॉडफादर’मधला लुका ब्राझी झालेला लेनी मोंटाना मूळचा पहिलवान. ब्रँडोसमोर उभं राहिल्यावर त्याची बोबडी वळली. दिग्दर्शक कपोलांनी ती चूक कापली नाही. उलट लुका आपलं वाक्य आधी एकटाच घोकत बसलाय, असं एक दृश्य वाढवलं. एका नवख्याची घाबरगुंडी भूमिकेचा स्वभाव होऊन गेली. आणि जॉन कझाल. त्यानं सगळे मिळून पाच पूर्ण लांबीचे सिनेमे केले. ‘गॉडफादर’चे पहिले दोन भाग आणि ‘डॉग डे आफ्टरनून’ त्यांतच. पाचही ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात होते. खुद्द कझालला मात्र कधी नामांकन मिळालं नाही. १९७८ साली बेचाळिसाव्या वर्षी कॅन्सरनं तो गेला. फ्रेडो कोर्लिओनी हा मधला भाऊ, ज्याला कुणी विचारत नाही. दुसऱ्या रांगेचं दुःखच कझालनं त्यात भूमिका म्हणून केलं.

आपल्याकडं या रांगेतल्या बायकांच्या वाट्याला बहुतेक आईच आली. १९९९ च्या ‘वास्तव’मध्ये रघूचे वडील साटम आणि आई रीमा लागू. रघू करणारा संजय दत्त आणि रीमाताई यांच्या वयात जेमतेम वर्षाचं अंतर. जवळपास आपल्याच वयाच्या माणसाची आई व्हायचं, त्याच्या हाताला रक्त लागलंय हे जाणून ताट वाढायचं आणि शेवटी त्याच्यावर गोळी झाडायची. चाळिशीतल्या नायकाच्या नावावर तेव्हा प्रेमकथाही चालत होत्या, आणि त्याच वयाच्या नटीला आईशिवाय काही सुचवलं जात नव्हतं, हा धंद्यातला अन्याय आहेच. पण त्या सिनेमाचा न्यायाधीशही तीच आहे. पोलीस, पुढारी, भाई यांच्यापैकी कुणालाही जो निकाल देता येत नाही, तो त्या बाईला द्यावा लागतो. त्याच सिनेमानं संजय नार्वेकरांना ‘देढ फुट्या’ दिला. ‘ऑल द बेस्ट’ या एकांकिकेतून आणि नाटकातून आलेला हा नट त्या नावानं गल्लीगल्लीत ओळखला जाऊ लागला. आमच्याकडं कापसाच्या गाडीवर बसलेली पोरंसुद्धा बुटक्या मित्राला देढ फुट्या म्हणायला लागली. बोलणाऱ्यांपैकी किती जणांना नटाचं नाव सांगता आलं असतं, ते सोडूनच द्या.

‘वास्तव’च्या आदल्या वर्षी ‘सत्या’ आला होता. भिकू म्हात्रे हे नाव मराठी आणि तो करणारा मनोज बाजपेयी बिहारचा. मुंबईचा गुंड आता देशातल्या कुठल्याही नाट्यशाळेतून येऊ शकत होता. त्या भूमिकेला सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण सत्या नावाच्या नायकापेक्षा लोकांच्या लक्षात राहिला तो भिकूच. सौरभ शुक्लांनी अनुराग कश्यप यांच्याबरोबर पटकथा लिहिली आणि कल्लूमामा स्वतःच केला. दुसऱ्या रांगेतल्या नटाला बरी भूमिका हवी असेल तर ती त्यानंच लिहावी, हा एक उपाय त्यातून दिसला खरा. तो प्रत्येकाला जमेल असं नाही.

२०१३ साली ‘बॉम्बे टॉकीज’ आला. त्यातली दिबाकर बॅनर्जींची गोष्ट सत्यजित राय यांच्या ‘पटोलबाबू फिल्मस्टार’ या कथेवरून घेतली आहे. नाटकाचा नाद असलेल्या, नशिबानं मागं पडलेल्या एका माणसाला शूटिंगमध्ये रस्त्यावरच्या वाटसरूचं काम मिळतं. काम एवढंच, की चालत यायचं आणि नायकाला धडकायचं. बॅनर्जींनी हा माणूस मराठी केला, पुरंदर नावाचा, चाळीत राहणारा. तो केला नवाजुद्दीन सिद्दिकींनी. हेच नवाजुद्दीन १९९९ च्या ‘सरफरोश’मध्ये चौकशीच्या खोलीतला एक फुटकळ गुन्हेगार होते आणि ‘मुन्नाभाई’त खिसेकापू. त्यांना हे काम शिकावं लागलं नसणार. आणि त्या पुरंदरला धीर द्यायला, झापायला, छोट्या कामातही पूर्ण माणूस उभा करायचा असतो हे सांगायला त्याचा जुना नाट्यगुरू प्रकट होतो. तो गुरू म्हणजे सदाशिव अमरापूरकर. पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर २०१४ ला, ते गेले. मोजक्या दृश्यांत सबंध सिनेमाला धाक घालणाऱ्या नटानं जाता जाता मोजक्या सेकंदांच्या कामाची किंमत सांगितली, हा योग कुठल्या पटकथाकारानं जुळवला नव्हता.

राय यांच्या कथेतला पटोलबाबू काम इतकं मनासारखं करतो की पैसे न घेताच निघून जातो. वाचताना गळा दाटतो. तरी माझं त्याच्याशी पटत नाही. कलेचं समाधान हाच मोबदला, हे वाक्य बहुतेक वेळा पैसे द्यायचे असतात त्याच्याच तोंडी शोभून दिसतं. ज्यांच्याबद्दल मी वर लिहिलं ती माणसं मुख्यतः नोकरी सांभाळून, प्रॅक्टिस सांभाळून, माळीकाम करून नट झाली. पैशाची गरज नव्हती म्हणून नव्हे, तर या धंद्यात दुसऱ्या रांगेला पैशाचा भरवसा नव्हता म्हणून. त्यांनी प्रत्येक वाटसरू, प्रत्येक हवालदार, प्रत्येक रामा शेट्टी मन लावून केला आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामावर हजर झाले. पटोलबाबूनं परत फिरावं, खिडकीशी उभं राहावं, सही करून आपले पैसे मोजून घ्यावेत आणि श्रेयनामावलीत आपलं नाव बरोबर लिहिलंय ना, हेही विचारावं. काम छोटं असेल, पण मजुरी आणि नाव या दोन गोष्टी त्याच्या हक्काच्या आहेत. तहसीलच्या व्हरांड्यात आयुष्य काढलेला आमच्याकडचा कुणीही त्याला हेच सांगेल.